सुट्टीच्या दिवसांतला रंग

बारामती
गुरुवार, १० जुलै

अम्मी,

सलाम. तब्येत विचारत नाही, ती सोहेलकडून कळते. फोनही करत नाही. तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि आपल्या ओट्यावर कोण ना कोण बसलेलं असतं. सासू-सुनेचं बोलणं ऐकायला माणसं चहासुद्धा गार करतात. तुम्ही वालचंदनगरच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलात, पेपर आला की पार टेंडरच्या जाहिरातींपर्यंत वाचता, तेव्हा हेही वाचाल. सोहेल दर गुरुवारी पेरू घेऊन इथल्या बाजारात येतो, त्या नवऱ्याच्याच हाती पाकीट देते. डिंकानं चिकटवलंय. त्यानं वाटेत उघडलं तर तुम्हाला कळेल.

मी माहेरी बरी आहे. अब्बा काही विचारत नाहीत, मोठी भाभी फक्त डोळ्यांनी विचारते. मी कामाला लागलेय. प्राची माझ्या कॉलेजातली, तिचं भिगवण रोडला कॉस्मेटिकचं दुकान आहे. मुंबईच्या व्यापाऱ्यानं तिला नेलपॉलिशचं एक कलेक्शन गळ्यात मारलंय, आणि त्यात एकही रंग शहाण्या माणसानं मागावा असा नाही. बारामतीत खपतं काय, तर लाल, मरून, गुलाबी आणि नवरीसाठी सोनेरी. या पेटीत आहे गंजाचा रंग, शेवाळाचा रंग, डांबराचा रंग. एक तर असा की बाटलीत काळा दिसतो आणि उन्हात नेला की हिरवा. प्राची म्हणाली, "मेहजबीन, तू एकेक लाव, लावून भांडी घास, कणीक मळ, टिकतो का बघ. आणि मराठीत नाव दे. लासुर्ण्याची, शेळगावची बाई येऊन इंग्रजी नाव थोडंच मागणार आहे?"

आज पहिला लावला. गडद तपकिरी, त्यात किंचित लालसर झाक, चकाकी मुळीच नाही. वाळला की खडूच्या फळ्यासारखा मऊ दिसतो. मी त्याला 'मळी' नाव दिलं. साखर कारखान्याजवळ वाढलेल्या माणसाला दुसरं सुचणार काय? प्राची नाक दाबून म्हणाली, "अगं, वास आला." पण स्टिकर लावला.

तिला आपलं सगळं समजावून सांगावं लागलं. म्हटलं, बाई, आमच्यात नमाजाआधी वजू करतात, म्हणजे हात, तोंड, पाय पाण्यानं धुवायचे. नखावर रंग असला तर पाणी नखाला लागत नाही, मग वजू होत नाही, मग नमाज होत नाही. म्हणून आमच्या बायका नेलपॉलिश लावतात ती महिन्याच्या चार-पाच दिवसांत, तेव्हा नमाज माफ असते, आम्ही त्याला सुट्टी म्हणतो. पाळी संपली की रंग पुसायचा. ती डोळे मोठे करून म्हणाली, "म्हणजे नखं बघितली की घरातल्यांना कळतं?" म्हटलं, घरातल्यांना कळतं, ओट्यावरच्यांना कळतं, दूधवाल्यालाही कळत असेल.

सध्या मी पहाटेची फजर पढून झाली की रंग लावते आणि दुपारच्या जोहरच्या आधी पुसते. मधला वेळ प्राचीच्या कामाचा. हे एवढ्यासाठी सांगते, की मी नमाज सोडली असं तुमच्या कानावर कुणी घालू नये.

आता मुद्द्याचं. लग्नाला चार वर्षं झाली आणि चार वर्षं तुम्ही माझी नखं वाचताय. मी चहा ठेवला की तुमची नजर कपावर नसते, माझ्या बोटांवर असते. रंग दिसला की एक सुस्कारा, मग "अल्लाची मर्जी", मग चहा. मला त्या सुस्काऱ्याचा कंटाळा आला म्हणून या उन्हाळ्यात मी रंग लावणंच सोडून दिलं. नमाज मी माडीवर पढते, तिथवर तुमचे गुडघे येऊ देत नाहीत. तुम्हाला दिसली ती कोरी नखं. एक महिना कोरी, दुसरा महिना कोरी. आणि बकरी ईदच्या आधी, मला एका शब्दानं न विचारता, तुम्ही गल्लीभर पेढे वाटून आलात.

मी तेव्हाच सांगितलं की काही नाही. त्यानंतर तुम्ही ओट्यावर बसून काय म्हणालात? "गेलं. नजर लागली." अम्मी, जे आलंच नव्हतं ते गेलं कसं?

मी काही मोठं मागत नाही. ज्या घरी पेढा दिला त्या घरी जाऊन सांगा, की मेहजबीनला काही नव्हतं, मीच नखं बघून समजले. तेवढं झालं की पुढच्या गुरुवारी मी सोहेलच्या टेम्पोत बसते.

मेहजबीन


बारामती
गुरुवार, २४ जुलै

अम्मी,

सलाम. सोहेल म्हणाला, तुम्ही पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि उशीखाली ठेवलं. बोलला काहीच नाहीत. बरं.

या दोन आठवड्यांत बरेच रंग झाले. शेवाळी दोन दिवसांत टोकाला उडतो, तो नको म्हणून सांगितलं. गंजाचा रंग चिवट निघाला, डाळिंबं सोलली तरी हलला नाही. मी त्याला 'जुनी कढई' म्हटलं. एक दुरंगी आहे, हात सरळ धरला तर जांभळा, तिरका धरला तर सोनेरी. कबुतराच्या मानेवर असतो तसा. गिऱ्हाईक बायका तो लावून दुकानाच्या दारात जातात आणि हात उलटासुलटा करत उभ्या राहतात. रस्त्यावरच्या लोकांना वाटतं, आत काहीतरी वाटतायत.

परवा एक बाई आली, बारामतीचीच, पण नातेवाईक इंदापूरचे. मला ती ओळखत नव्हती आणि मी तिला. लग्नासाठी रंग बघायचा होता म्हणून मी तिचा डावा हात धरून एकेक बोटाला वेगळा रंग लावत होते. बोलता बोलता ती प्राचीला म्हणाली, "आमच्या रेश्माच्या घराशेजारी एक फरिदाबी हायेत. त्यांच्या सुनंनं पाडलं म्हणं. पेढं वाटून झालं आन पोरीनं पाडून टाकलं. नोकरी करायची हुती तिला."

प्राचीच्या हातातली बाटली तशीच राहिली. मी त्या बाईची करंगळी पूर्ण केली. कडा नीट काढल्या. मग म्हटलं, "ताई, आता उजवा हात द्या."

म्हणजे तुमच्या "गेलं"चं "पाडलं" व्हायला इंदापूर ते बारामती एवढा रस्ता पुरला. रेश्माला दोष देत नाही. तिला तुम्ही दोरा दिलात, तिनं गोधडी शिवली. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा तिचा जुना धंदा. पण आता मी इंदापुरात परत आले तर कशी यायची? जिनं पोटातलं पाडलं ती, अशी? उद्या खरंच काही झालं, तरी याच बायका बोटं मोडून म्हणतील, पहिलं टाकलं नसतं तर.

प्राचीनं बाई गेल्यावर दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि तुम्हाला शिव्या दिल्या. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, पण इथं तर सासूनंच बांधलं!" मी तिला थांबवलं. म्हटलं, तू त्यांना ओळखत नाहीस.

मी ओळखते. आपल्या गल्लीत बाईचं मैत झालं की पहिला निरोप तुम्हाला येतो. शेवटची आंघोळ, गुस्ल, तुमच्याच हातची लागते. लासुर्ण्याची ती कॉलेजची पोरगी मोटारसायकलवरून पडून गेली, तेव्हा तुम्ही निघता निघता माझ्या खोलीच्या जिन्याखाली उभ्या राहून रिमूव्हर मागितलं होतं. पोरीच्या नखांना रंग होता, पुसल्याशिवाय गुस्ल होणार नव्हतं. मी बाटली वरून खाली दिली. तुम्ही परत आलात तेव्हा हाताला तोच वास होता आणि रात्री जेवला नाहीत. ती बाटली तुम्ही मला परत दिली नाहीत, मैताच्या पिशवीतच ठेवलीत, अत्तराशेजारी.

अशा बाईचा शब्द गल्ली मानते. म्हणूनच मी सोहेलला सांगायला लावत नाही, अब्बांना पाठवत नाही. तुमच्या तोंडून निघालंय ते तुमच्याच तोंडून फिरेल.

मेहजबीन


बारामती
गुरुवार, ७ ऑगस्ट

अम्मी,

सलाम. हे पत्र मागच्या गुरुवारी काय घडलं त्याबद्दल. सोहेलनं सांगितलं नसेल. तुमच्या मुलाला तोंड आहे, पण ते पेरूचा भाव सांगण्यापुरतं.

एरवी तो टेम्पो दुकानासमोर उभा करतो, हॉर्न देतो, पाकीट असलं तर मी नेऊन देते, तो "बरी आहेस?" म्हणतो, मी "बरी आहे" म्हणते. मागच्या गुरुवारी प्राची त्याला ओरडली, "ओ भाऊजी, आत या, खाणार नाही आम्ही तुम्हाला." तो आला. लिपस्टिकच्या कपाटासमोर चपला काढून उभा राहिला, जसा काही दर्ग्यात आलाय.

त्या दिवशी मी लोहचुंबकाचा रंग बघत होते. पेटीतली सगळ्यात विचित्र बाटली ही. रंगात लोखंडाचा बारीक कीस असतो. नखाला लावला की ओला असतानाच वर एक छोटं चुंबक धरायचं, अगदी जवळ, पण टेकवायचं नाही. कीस सरकतो आणि मधोमध चमकती रेघ उमटते, मांजराच्या डोळ्यात असते तशी. हात हलला की रेघ वाकडी. एका हातानं दुसऱ्या हातावर धरणं जमत नव्हतं, म्हणून मी सोहेलला म्हटलं, धर.

त्यानं धरलं. पेरूचे क्रेट उचलणारा हात, पण हलला नाही. पहिल्या बोटाची रेघ सरळ आली, दुसऱ्याचीही. तिसऱ्या बोटाला चुंबकाकडं बघत म्हणाला, "मीबी पेढा खाल्ला, मेहजबीन."

म्हटलं, माहीत आहे. मी बघितलं होतं. तेवढ्यासाठीच मी तुझ्याशी बोलत नाही. तुला तर ठाऊक होतं ना, की काही नाही?

तो म्हणाला, "मला वाटलं, तू अम्मीला आधी सांगितलंस. मला संध्याकाळी सांगशील. म्या दिवसभर टेम्पोत तेच घेऊन फिरलो."

अम्मी, मला यातलं काही माहीत नव्हतं. मला वाटत होतं, आईसमोर बोलायची छाती नाही म्हणून त्यानं पेढा तोंडात टाकला. तो दिवसभर खूश होता आणि संध्याकाळी घरी आल्यावर मी त्याला काय सांगितलं, ते मला आठवतंय. तेव्हा त्यानं फक्त हात धुतले होते.

तिसऱ्या बोटाची रेघ वाकडी झाली. मी ती पुसली नाही.

मग त्यानं विचारलं, डॉक्टरकडं दोघांनी जायचं होतं ते कधी जायचं. दोन वर्षं मी सांगतेय आणि दोन वर्षं त्याला छाटणी, तोडणी, बाजार. म्हटलं, ते नंतर. आधी गल्लीतलं निस्तरू दे. त्यावर तो म्हणाला, "अम्मीला पाकीट देतो, तर ती आधी इचारती, या टायमाला कुठला रंग."

तेव्हा सांगते: या वेळेला लोहचुंबक. नाव तेच ठेवलंय, दुसरं बसत नाही.

मेहजबीन


बारामती
गुरुवार, २१ ऑगस्ट

अम्मी,

सलाम. तुमचा निरोप मिळाला. सोहेलनं शब्दाला शब्द सांगितला: "अम्मी म्हणली, लोक इसरत्यात. पैगंबरांचा मिलाद आला की लोकास्नी दुसरं मिळतं. तिला म्हणावं, उगं तानू नको, ये."

लोक विसरतात हे खरं आहे. फक्त काय विसरतात ते आपण ठरवत नाही. पेढे विसरतील. पाडलं ते नाही विसरणार.

मला तुमचा राग आलाय, अम्मी. इतके दिवस रंगांचंच लिहीत बसले म्हणून तुम्हाला वाटत असेल, पोरीचं डोकं शांत झालं. शांत झालेलं नाही. दिवसभर परक्या बायकांचे हात हातात घेऊन बसते, तेव्हा शांतच बसावं लागतं. नाहीतर रंग बाहेर जातो.

एक गोष्ट कुणाला बोलले नव्हते. तुम्ही पेढ्याचा बॉक्स घेऊन आलात, माझ्या तोंडात पेढा कोंबलात आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवलात. मला काय चाललंय कळेना. मग कळलं. आणि कळल्यावर, तुम्हाला "नाही" म्हणायच्या आधी, मीच माझ्या नखांकडं बघितलं. म्हटलं, यांनी इतक्या बायकांची बाळंतपणं बघितलीत, यांना कळलं आणि मला कळलं नाही, असं तर नाही ना? दिवस मला माहीत होते, तरी मी बघितलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण मी माझ्याच हाताला आरसा शोधत होते. तुमची घाई मला समजते ती त्यामुळं. तेवढीच घाई मलाही होती. मग "गेलं" म्हणताना तुम्ही माझंच काहीतरी नेलंत. गल्लीसमोर तुमचा शब्द खाली पडू नये म्हणून माझ्या अंगावर एक मेलेलं मूल टाकलंत.

पुढं लिहिते. हात थांबला होता.

या आठवड्यातला रंग बघून तुम्ही हसाल किंवा चिडाल. हा गरम-गारचा रंग आहे. नख कोमट असलं तर गुलाबी, गार पडलं तर जांभळा. फ्रिजमधलं पाणी प्यायला घेतलं की बोटं जांभळी होतात, कपबशी धरली की परत गुलाबी. दुकानात बायकांनी नुसता धुमाकूळ घातलाय, शेजारच्या ज्यूसवाल्याकडून बर्फ मागून आणतात. मला आधी तुम्हीच आठवलात. म्हटलं, हा रंग लावून मी तुमच्यासमोर कप ठेवला असता तर तुम्ही काय वाचलं असतं? घटकेत गुलाबी, घटकेत जांभळा. तुमचा सगळा हिशोबच बुडाला असता.

सोबत एक बाटली पाठवतेय. सोहेल म्हणेल, अम्मीला कशाला. लावा असं म्हणत नाही. झाकण घट्ट लावून ठेवा, नाहीतर वाळून जाते.

मेहजबीन


बारामती
गुरुवार, ४ सप्टेंबर

अम्मी,

सलाम. पेटीतला शेवटचा रंग आज लावला. काळ्यावर चांदीचा हात द्यायचा, आणि वाळताना चांदी आपोआप तडकत जाते. मे महिन्यात शेळगावकडं जाताना रस्त्याकडेची काळी रानं असतात तसं. प्राचीनं नाव ठेवायला सांगितलं, मी म्हटलं, 'भेगा' लिही. ती म्हणाली, असलं कोण घेईल? दुपारपर्यंत दोन गेल्या.

कलेक्शनमधले अर्ध्याहून जास्त रंग खपले. मळीला तर मागणी आहे, कॉलेजच्या पोरी नाव वाचून हसतात आणि घेतात. प्राची म्हणते, दुकानाच्या कोपऱ्यात तुला कायमचं टेबल टाकून देते, नखांचं काम तूच बघ. मी तिला पुढच्या गुरुवारनंतर सांगते म्हटलं. हो म्हटलं तर मी इथंच राहणार, हे तुम्हाला आणि सोहेलला दोघांना माहीत असावं. तो काल फोनवर म्हणाला, मी बारामतीत खोली बघू का. मी म्हटलं, अम्मीला एकटं टाकून? त्यावर तो पेरूचा भाव सांगायला लागला.

तुम्ही मला वाईट वागवलं नाहीत. ताप आला की माडीवर येता येत नाही म्हणून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून तुम्ही काढ्याचा पेला वर सरकवायच्या. हे मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच इतकी पत्रं लिहिली. परकी असती तर एकात संपवलं असतं.

आता लिहायला रंग उरले नाहीत. हे शेवटचं.

मेहजबीन


इंदापूर
सोमवार

मेहजबीन,

सलाम. तुजी समदी पत्रं पोचली. उशीखाली ठेवली ती तितंच हायेत. मला लिवायची सवय न्हाय, हात दुकतो, तवा चुकलं तर चालवून घे.

काल रेश्माच्या घरी मिलादची बैठक हुती बायांची. सकाळी धाला. म्या फजर पढले आन तू धाडलेली ती गरम-गार बाटली काढली. मला लावता येत न्हाय. नख कमी रंगलं आन बोट जास्त. सोहेलनं बगितलं तर म्हनला, आन हिकडं, आन कडा काडून दिल्या. कुटं शिकला काय म्हाईत.

बैठकीत बसले. कुनाचं ध्यान न्हवतं. रेश्मानं सरबत आनलं, बरफ घातलेलं. पेला धरला तशी नखं जांबळी झाली. शेजारची म्हनली, अगं बाई, फरिदाबी, ह्ये काय? मंग चा आला. कप धरला तशी गुलाबी. समद्या सरकून जवळ आल्या. रेश्मा हसली, म्हनली, फरिदाबी, या वयात रंग? नमाज सोडली का?

म्या म्हनलं, बग की नीट. तुमास्नी नखं वाचता येत्यात न्हवं? मग वाचा. मला सुट्टी हाय का न्हाय? माजी पाळी बंद हून किती वर्सं झाली, हितं समद्यास्नी ठावं हाय. सांगा, या नखावरनं काय कळलं?

चा तसाच ऱ्हायला.

मंग म्हनलं, असंच म्या मेहजबीनची नखं वाचली. तिला काय बी न्हवतं. आलं न्हवतं, गेलं न्हाय, तिनं पाडलं तर मुळीच न्हाय. पेढं माज्या घाईचं हुतं. आन "गेलं" म्हनले ती माजी लबाडी हुती. पोरीनं तवाच खरं सांगितलं हुतं. आता ज्यांनी पुडं सांगितलं त्यांनी ह्येबी पुडं सांगावं. रेश्मा, तुज्या बारामतीच्या पावन्यांस्नी आदी सांग.

रेश्मा लाल झाली. तिची सासू तोंड फिरवून बसली. फिरवू दे. ज्या बाया बैठकीला आल्या न्हवत्या त्यांच्या दारात गेले. गुडगं बोलत हुतं पन गेले. एकीनं इचारलं, मग पेढा परत देऊ का? म्या म्हनलं, खाल्लास ना, पचला ना, मंग गप बस.

तू लिवलंस ना, मेलेलं मूल अंगावर टाकलं म्हनून. त्ये म्या एकदाच वाचलं. परत वाचाय जमलं न्हाय. बाकीचं दोनदा वाचलं.

घरी आले तवर जोहरची वेळ झालती. वजू करायचा तर रंग पुसाय पायजे. रिमूव्हर कुटलं? माज्या मैताच्या पिशवीत तुजी बाटली हाय, अत्तराशेजारी. आजवर ती मेलेल्या हातावरच वापरली. लासुर्ण्याच्या त्या पोरीची नखं पुसताना तिच्या आईनं दारातनं इचारलं हुतं, हळू पुसताय न्हवं? त्ये कुनाला बोलले न्हाय. काल पयल्यांदा जित्या हाताला लावलं, माज्याच. वास त्योच, पन मला रडू आलं न्हाय. बसून धाच्या धा बोटं पुसली आन नमाज पढले.

ये म्हनत न्हाय. तुजं काम चांगलं चाललंय, सोहेल सांगतो. टेबल घे. इंदापुरातनं येस्टी हाय, जा-ये करायची तर कर, तितंच ऱ्हायचं तर सोहेलला संगं घे, माजं म्या बगीन. डाक्टरकडं त्यो येनार हाय, म्या त्याला सांगितलंय, या येळंला तोडनी-बिडनी काय चालायची न्हाय. तू रंग लाव न्हायतर लावू नको. चा ठेवलास तर म्या कपाकडंच बगीन.

ती गरम-गार बाटली परत धाडली न्हाय. झाकन घट लावून ठेवलंय.

रिमूव्हर तेवडं संपत आलंय. येताना आन.

अम्मी